रायवंताबाईचे दोन बल्ब

बल्ब विकायला काय अक्कल लागते, असं मला पुष्कळांनी तोंडावर विचारलं आहे. पहिला माझा सख्खा भाऊ. मी प्रत्येकाला उत्तर द्यायचे, कारण तेव्हा माझ्याकडे सगळ्याच प्रश्नांची उत्तरं असायची. आज त्या नोकरीबद्दल लिहायला बसले आहे, तर निदान इथे तरी उत्तरांची घाई करणार नाही.

काम साधं होतं. आमची संस्था गोंदिया जिल्ह्यात एलईडी बल्बचा प्रसार करत होती. बाजाराच्या गावातल्या दुकानदाराशी बोलणी करून ठेवायची. गिऱ्हाईकाने घरातला पिवळा बल्ब आणून द्यायचा, एक चिठ्ठी भरायची आणि नवा एलईडी बल्ब निम्म्याहून कमी किमतीत घेऊन जायचा. वरचा फरक संस्था दुकानदाराला द्यायची. जमा झालेला बल्ब गिऱ्हाईकाच्या समोरच पोत्यात घालून फोडायचा, नाहीतर तोच मागच्या दाराने दुसऱ्याच्या घरात जाऊन पुन्हा जळतो. दुकानदारांना सांभाळणं हे अर्धं काम. लोकांना समजावणं हे उरलेलं अर्धं, आणि ते माझ्याकडे होतं.

त्यासाठी एक लाकडी पाटी होती. तिच्यावर दोन होल्डर आणि दोन मीटर. डावीकडे साठ वॅटचा पिवळा बल्ब, उजवीकडे नऊ वॅटचा एलईडी. उजेड जवळपास सारखा, पण डावीकडचं मीटर धावायचं आणि उजवीकडचं रांगायचं. मग मी म्हणायचे, "आता पिवळ्याला हात लावा." माणूस बोट लावून झटक्यात मागे घ्यायचा, बाकीचे हसायचे. "हा चटका म्हणजे तुमची वाया गेलेली वीज. तुम्हाला उजेड पाहिजे होता. चटका कोणी मागितला होता?" हे वाक्य संस्थेच्या माहितीपत्रकात नव्हतं. ते माझं होतं, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

वाक्यं मला घरातून मिळाली. बाबा शाळेत शिक्षक होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. दारूविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, अंगात येण्याविरुद्ध, भगताविरुद्ध. आमच्या घरात बसायला जागा करायची तर आधी पत्रकांचा गठ्ठा उचलावा लागे. मी अक्षरं शिकले ती त्या गुलाबी-पिवळ्या कागदांवर, आणि अक्षरांसोबत त्यातला आवाजही शिकले. समोरचा गप्प झाला म्हणजे त्याला पटलं, असं बाबा मानायचे. मीही मानत होते.

सगळेच गप्प व्हायचे असं नाही. गोरेगावच्या आठवडी बाजारात एका म्हाताऱ्याने माझं पूर्ण भाषण ऐकून घेतलं आणि विचारलं, "वीज इथंच तिरोड्याच्या प्लान्टमंदी बनते. तारा माया धानाच्या बांधीवरून जातात. अन् बचत मीच करू? कायले?"

मी त्याला कोळसा, धूर, देशाची गरज असं पाच मिनिटं सांगितलं.

"बोलतेस चांगली," तो म्हणाला. "पन उत्तर नाही देल्लं." आणि दोन बल्ब घेऊन गेला.

आमगावच्या एका दुकानात झाडीपट्टीच्या नाटक कंपनीतला रंगभूषाकार आला होता. कोणी चिठ्ठ्या भरून देत होतं, कोणी बल्ब हलवून बघत होतं, आणि हा तोंड वाकडं करून उभा. मी विचारलं, "तुम्हाला काय अडचण आहे, काका?"

"अडचन मले नाही, मॅडम, रानीले हाय. तुमच्या पांढऱ्या उजेडात मी तिचं तोंड रंगवलं तं थे पहिल्याच अंकात मेल्यावानी दिसते. अन् मराचं तं तिले तिसऱ्या अंकात हाय."

सगळं दुकान हसलं. मीही हसले, आणि मग त्याला नीट विचारलं, की आरसा कुठे असतो, मंचावरचे दिवे कोणते, चेहरा किती लांबून बघतात. एलईडीतही पिवळसर उजेडाचे बल्ब येतात. ते मी गोंदियाहून मागवून दिले. राणी तिसऱ्या अंकापर्यंत टिकली, असा त्याचा निरोप आला. हे मी मुद्दाम लिहिते आहे. कोणाला बल्ब कशासाठी लागतो हे विचारायचं असतं, हे मला माहीत होतं. मी ते विचारू शकत होते. म्हणजे पुढे जे झालं ते अज्ञानातून झालं, असं म्हणायची सोय मला नाही.

गोरेगाव तालुक्यात जंगलाच्या कडेला एक गाव आहे. नाव लिहीत नाही, गावाने माझं काही बिघडवलेलं नाही. तिथे बल्ब चांगले खपले. शंभराच्या आसपास घरं, आणि दोन महिन्यांत मोजकीच घरं उरली. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, हे गाव आपण पिवळा बल्बमुक्त गाव म्हणून जाहीर करायचं. दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या दिवशी, सगळ्या पाहुण्यारावळ्यांसमोर. संस्थेने असं काही मागितलं नव्हतं. किती बल्ब गेले एवढंच साहेब विचारायचे. कल्पना पूर्ण माझी.

मी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर फळा लावला. वर मथळा: 'पिवळे बल्ब उरलेली घरे'. खाली नावं. ज्या घराने बल्ब दिले त्याचं नाव सगळ्यांदेखत पुसायचं. आपल्या नावावर ओला फडका फिरताना माणसं खूश होतात, हे मी स्वच्छतेच्या मोहिमांमध्ये पाहिलेलं होतं. ज्यांची नावं राहतात त्यांचं काय होतं, हेही पाहिलेलं होतं. त्यासाठीच तर फळा असतो.

शेजारी गोरेगावात एका सेठच्या दुकानातून हे सगळं गाव बल्ब घ्यायचं. मी त्याच्याकडून लिहून घेतलं, की यापुढे पिवळे बल्ब ठेवणार नाही.

"मॅडमजी, कोई माँगेगा तो?" त्याने विचारलं.

"कोणी मागणार नाही."

"हमारा क्या है. आप बोलो तो नहीं रखेंगे." त्याने सही केली आणि उरलेला माल गोंदियाला परत पाठवला.

फळ्यावर शेवटी एकच ओळ राहिली. रायवंताबाई, दोन बल्ब.

रायवंताबाई पन्नाशीची. नवरा जंगल कामगार, कामाला बाहेर असायचा. गावातल्या दहा बायांच्या बचत गटाची ती अध्यक्ष होती. मी तिच्या घरी गेले तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. बाहेर लख्ख ऊन. आतल्या खोलीच्या दाराला लुगड्याचा पडदा, आणि पडद्यामागे पिवळा उजेड. मी पडदा सारला. भिंती चुन्याने नुकत्या पोतारलेल्या. खाली धानाचं तूस पसरलेलं, त्याभोवती पत्र्याचा गोल कठडा, आणि मधोमध, जमिनीपासून हातभर वर, दोन शंभर वॅटचे बल्ब जळत होते. कठड्यात काहीच नव्हतं. बाजूच्या कोनाड्यात देवाची जागा होती, तिथे तांदूळ वाहिलेले होते.

मला एका नजरेत सगळं कळलं. म्हणजे तसं मला वाटलं.

"मावशी, हे भरदिवसा कोणासाठी जळतंय?"

"जळू दे ना जी. जागा तयार करून राहिलो."

"देवाला उजेड लागत नाही, मावशी. आणि लागलाच तर त्याला मीटर नाही, मीटर तुम्हाला आहे." हे वाक्यही माझंच.

तिने कोनाड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "देवाचं काऊन काढलंस? देवानं तुयं का केलं?"

मग मी बोलले. दहा मिनिटं तरी बोलले असेन. श्रद्धा, अंधश्रद्धा, जंगल, कोळसा. ती मध्ये एकदा "आयक तं पोरी" म्हणाली. मी म्हटलं, "आधी माझं पूर्ण ऐका." तिने ऐकलं. शेवटी तिने विचारलं, "बरं, थे जाऊ दे. तुवा बल्ब या बल्बाचं सगळं काम करन का?"

"सगळं. याच्यापेक्षा चांगलं."

"पक्कं?"

"पक्कं. लेखी गॅरंटी आहे."

"पाहू," ती म्हणाली, आणि पडदा परत लावला.

कोणतं काम, असं मी विचारलं नाही. नाटकवाल्याला विचारलं होतं. तो दुकानात चारचौघांत बोलला, हसवून बोलला, मागणी करणारा माणूस वाटला. रायवंताबाई मला समजावून सांगण्याची गोष्ट वाटली. पत्रकाची वाचक.

पुढचे आठ दिवस गावाने माझं काम केलं. बोअरिंगच्या पंपावर पाणी भरताना बाया तिला म्हणायच्या, "का वं रायवंता, तुयं नाव सोन्यानं लिवलं का फळ्यावर?" सरपंच तिच्या दारात जाऊन म्हणाले, "एका घरासाठी सारं गाव अडकून राहिलं." मंडईच्या दिवशी मंचावर मी माईकसमोर असताना ती खालून चालत आली. दोन्ही बल्ब पदरात. फोडायचं पोतं माझ्या पायाशी होतं.

"घे," ती म्हणाली. "तू पक्कं म्हनलीस म्हनून देतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी स्वतः फळ्यावरची शेवटची ओळ पुसली. त्याचा फोटो आहे. मी त्यात इतकी हसते आहे की डोळे मिटलेत.

दहा-बारा दिवसांनी अहवालासाठी फळ्याचा आणखी एक फोटो हवा होता म्हणून गेले. थंडी पडली होती. त्या बाजूला जंगलामुळे जरा जास्तच पडते. रायवंताबाई घरामागच्या वाडीत खड्डा खणत होती. बाजूला टोपली, टोपलीवर गोणपाट. मला पाहून तिने खणणं थांबवलं नाही.

"काय झालं, मावशी?"

तिने पायाने गोणपाट सरकवलं. टोपलीत कोंबडीची पिल्लं होती. पिवळी, मुठीत मावतील एवढी. एकमेकांना चिकटून कडक झालेली.

मग तिने सांगितलं, सलग, न रडता, न भांडता. गटाला शंभर पिल्लं मिळणार होती, एक दिवसाची. इतकी लहान पिल्लं आईशिवाय जगवायची तर पहिले दोन-तीन आठवडे त्यांना ऊब लागते. दहा घरी दहा-दहा वाटण्याआधी ती एका जागी वाढवायची, असं गटाने ठरवलं. रायवंताबाईकडे पक्की खोली होती, ती प्रशिक्षण घेऊन आली होती, आणि कोंबड्या तिच्याइतक्या कोणालाच कळत नव्हत्या. म्हणून तिच्या घरी. मी पडदा सारला त्या दिवशी ती चुन्याची ओल सुकवून किती ऊब धरते ते बघत होती. पिल्लं मंडईनंतर यायची होती.

पिल्लं आल्यावर तिने माझे एलईडी बल्ब टांगले. दोनाचे चार केले. खोली लख्ख झाली आणि गार राहिली. तिने माणूस गोरेगावला पाठवला, सेठ म्हणाला, "वो तो बंद हो गया, मॅडम लिखवाके ले गई." गावात कोणाकडेच उरला नव्हता. आम्ही सगळे फोडले होते. मग तिने घमेल्यात विस्तव ठेवला. पहाटेकडे विस्तव विझला, पिल्लं ऊब शोधत कोपऱ्यात एकावर एक चढली, आणि खालची दबून मेली. दुसऱ्या दिवशी तसंच. शंभरातली वीसेक उरली होती.

"मी विचारलं होतं," ती म्हणाली. "सगळं काम करन का, म्हनून."

शेकडो लोकांचं बोट मी त्या बल्बाला लावलं होतं. तो तापतो हे तालुक्यात माझ्याइतक्या वेळा कोणी सांगितलं नसेल.

मी तिला म्हटलं, गटाची बैठक बोलवा, मी सगळ्यांसमोर सांगते की चूक माझी आहे. ती म्हणाली, "तुले वाटते तं ये." मला वाटलं, खरं सांगितलं की न्याय होतो. हेही पत्रकातलंच.

बैठक समाजमंदिरात झाली. मी उभी राहून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. दिवसा बल्ब पाहून काय समजले, काय विचारलं नाही, दुकानदाराला काय लिहायला लावलं. बाया शांतपणे ऐकत होत्या. गटात सुगंधाबाई म्हणून एक होती, स्पष्ट बोलणारी. ती म्हणाली, "झालं का तुमचं, मॅडम? बसा." मग रायवंताबाईकडे वळली.

"मॅडमनं सांगतलं, तुनं आयकलं. पन आमी पिल्लं मॅडमच्या भरोशावर ठेवली होती का वं? तुया भरोशावर ठेवली होती. फळ्यावर नाव राह्यलं असतं तं का झालं असतं? नाव राह्यल्यानं कोनी मरते?"

"तुमीच तं हासत होत्या बोअरिंगवर," रायवंताबाई म्हणाली.

"हासलो. मंग? हासू द्याचं होतं."

सुगंधाबाई वाईट बाई नव्हती, तिच्याही वाट्याची पिल्लं गेली होती. पण मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं की माझी कबुली कोणाच्याच उपयोगाची नाही. उलट ती अंगावर आली ती रायवंताबाईच्या. मॅडमने स्वतःच सांगितलं ना, की बल्ब हिने आपल्या हाताने आणून दिले. रायवंताबाईने बसल्या जागेवरून सांगितलं, "बरोबर हाय. पुढची पिल्लं सुगंधाच्या घरी ठेवा." अध्यक्षपदही तिनेच सोडलं. कोणी नको म्हटलं नाही.

मी गोंदियाला जाऊन चार दुकानं फिरले आणि शंभर वॅटचे सहा बल्ब आणले. सुगंधाबाईच्या घरी पोचवले. अहवालात गावाचं नाव यशोगाथा म्हणून आधीच गेलं होतं. मी ते मागे घ्यायला सांगितलं. साहेब म्हणाले, "तुम्ही भावनिक होऊ नका. योजनेत त्रुटी नव्हती." योजनेत नव्हतीच. मी राजीनामा दिला. लांबलचक, मुद्देसूद. बाबांनी वाचला आणि म्हणाले, उत्तम लिहिलं आहेस.

एक सांगायला हवं. एलईडी बल्ब चांगलाच आहे. माझ्या घरी तोच आहे, तुम्हीही तोच लावा. वीज वाचते, पुष्कळ वाचते. मी जे सांगत होते ते खोटं नव्हतं. खरं सांगणाऱ्या माणसाला आपण ऐकायचं नसतं असं वाटू लागतं, एवढंच मी भोगलेलं आहे. नाही, चुकलं. भोगलं दुसऱ्याने.

या उन्हाळ्यात मी त्या गावाला गेले. दीड वर्षाने. सुगंधाबाईच्या घरी पिल्लांची तिसरी खेप चालू होती, आधीच्या दोन्ही जगल्या होत्या. तिने चहा दिला, जुनं काही काढलं नाही. मग मी रायवंताबाईकडे गेले. ती अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. आतल्या खोलीत आता धानाची पोती होती.

"बस जी," ती म्हणाली. पाणी दिलं. लग्न झालं का, बाबा कसे आहेत, विचारलं. गटात अजून आहे, पण बैठकीत बोलत नाही, हेही सांगितलं. "बोललो का कोनीतरी त्या पिल्लायची गोष्ट काढते."

मी जे सांगायला आले होते ते सांगितलं. "मावशी, मी ती नोकरी सोडली."

"काऊन?"

"तुमच्यामुळे. म्हणजे, तुमची पिल्लं गेली म्हणून."

फुलं पसरवणारा तिचा हात थांबला. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. खरं तर त्यासाठीच मी एवढ्या उन्हात एसटीने आले होते.

"तुले सोडता आली," ती म्हणाली. "मी कुठं जाऊ?"

आणि ती उरलेली फुलं पसरवू लागली.